आठशे मिटलेली तोंडं

सभागृहाच्या कमिटीने मोठा पडदा विकत घेतला, तिथून सगळी भानगड सुरू झाली. पडदा भिंतीएवढा. बसवून झाल्यावर कमिटीच्या लक्षात आलं की त्यावर दाखवायला आपल्याकडे काहीच नाही. मग त्यांनी ठरवलं, यंदाच्या गाण्यांच्या संध्याकाळी कुणी नुसतं गायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या गाण्याचा व्हिडिओ द्यायचा, तो पडद्यावर लागेल, आणि गायकाने खाली खुर्चीत बसून स्वतःला बघायचं. व्हिडिओ नसेल तर गाणं बाद. मुदत शनिवारी दुपारी बारा.

हा कागद आमच्या घरी मंगळवारी आला. आत्याने तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि रुमालाआडून म्हणाली, "झालं."

रुमालाआडून, कारण दीड महिन्यापूर्वी तिचे उरलेसुरले सगळे दात काढले होते, आणि तेव्हापासून घराबाहेर काय, घरातही तिचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. बोलायची रुमालाआडून, हसायची रुमालाआडून. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची.

यातली गंमत अशी की तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा, कवळ्या बनवतात. डॉक्टर नाहीत ते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतो, बाबा आपल्या लॅबमध्ये कवळी करतात. चांगली बसली तर डॉक्टरचं नाव, टोचली तर बाबांचं. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाबांच्या हातचं आहे. इतरांची कवळी आठवड्यात तयार. बहिणीची मात्र होता होत नव्हती. चार केल्या, चारही तिला घालायला द्यायच्या आधी स्वतःच मोडल्या. एकीत पुढचे दात जरा जास्त पांढरे, दुसरीत हसू खोटं, तिसरीत ती आजीसारखी दिसणार, चौथीत काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"बाळ्या, मला तिने चावायचंय," आत्या म्हणायची. "प्रदर्शनात नाही ठेवायची."

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा आहे. तो म्हणायचा, "हिरडी बसू दे, ताई."

तर गाणं. आत्या पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. "थांबा, जोडते" हे दोन शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते की घरात कुणी मीठ मागितलं तरी ती तेच म्हणायची. रिटायर झाल्यावर तिने त्याचंच गाणं केलं. सगळ्या जगाला जोडून देणारी बाई, आणि तिची स्वतःची घंटी काही वाजत नाही, असं काहीतरी.

*वॉर्ड सात मागा, वॉर्ड नऊ मागा,*
*थांबा, जोडते,*
*मला कुणी मागेपर्यंत*
*थांबा, जोडते.*

शेवटी एकच शब्द: हॅलो. तोही साधासुधा नाही, अकरा सेकंद लांब, खालून निघून पार वर जाणारा.

या गाण्यासाठी ती एवढी हळवी का होती, तेही सांगायला हवं. आत्या एकतीस वर्षं गाण्याच्या कॉयरमध्ये आहे. शेवटची रांग, खांबाजवळ. पहिल्याच आठवड्यात कॉयरच्या मॅडमनी तिला सांगितलं की तुमचा आवाज बाकीच्यांच्या डोक्यावरून जातो, तर तुम्ही तोंड मिटून नुसतं गुणगुणा. आत्याला वाटलं, या आठवड्यापुरतं असेल. मॅडम पुढे काही बोलल्या नाहीत, हिने विचारलं नाही, आणि त्यात एकतीस वर्षं गेली. काही लोकांची लग्नंसुद्धा अशीच टिकलेली असतात.

त्यामुळे तोंड उघडून म्हटलेलं हे तिचं पहिलं गाणं. दात काढायच्या आदल्या दिवशी आम्ही ते रेकॉर्ड केलं, कारण नंतर तोंडातून काय निघेल याची कुणालाच खात्री नव्हती. आत्या लॅबच्या कपाटात, ॲप्रनच्या ढिगात उभी राहून गायली. बाबांनी रबराच्या वाडग्यावर प्लास्टर कालवायच्या सुरीने ठेका धरला. इतकंच. पण आवाज असा काही आला की संपल्यावर बाबा पाच मिनिटं वाडगं पुसत बसले. वाडगं कोरडंच होतं.

आणि आता ते गाणं बाद होणार होतं, का तर त्याला चेहरा नाही म्हणून.

मी पासपोर्ट फोटोच्या स्टुडिओत काम करते. अकरा वर्षं. दिवसभर एकच मंत्र: मान सरळ, हनुवटी जरा खाली, हसू नका, तोंड बंद. घरात कॅमेरा धरता येणारी मी एकटी, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे दोघं. मी म्हटलं, त्यात काय, आत्याला टेलिफोनसमोर बसवू आणि शूट करू.

"माझं तोंड त्या पडद्यावर दिसणार नाही," आत्या म्हणाली.

मग पाठीमागून घेऊ का, असं मी विचारलं. तर पाठमोऱ्या बाईचं गाणं ऐकायचं की तिचा अंबाडा बघायचा, असं तिचं म्हणणं. बरं, मास्क लावू? मास्क लावला तर लोकांना वाटेल गाणं साथीच्या रोगावर आहे. ही सगळी चर्चा चालू असताना बाबा टेबलाशी बसून एका कवळीचा चाव तपासत होते. त्यासाठी त्यांच्याकडे बिजागरीचं एक छोटं यंत्र असतं, वरची कवळी वर, खालची खाली, आणि ते उघडझाप करतं. बाबा त्याला नुसतं 'जबडा' म्हणतात. तो जबडा आमच्या बोलण्यात कट्, कट् करत होता, जणू तोही मत देतोय.

आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"मग त्यांनाच गाऊ दे," ती म्हणाली.

"कुणाला?" बाबा.

"तुझ्या पोरांना."

*

बुधवारी सकाळी मी स्टुडिओत तापाचा निरोप पाठवला आणि आम्ही कामाला लागलो. बजेट विचाराल तर लॅबमध्ये जे होतं ते. मेणाच्या गुलाबी पातळ शीटचा मखमली पडदा केला. प्लास्टरचे डोंगर केले. कापसाच्या बोळ्यांचे ढग. दात घासायचे जुने ब्रश मातीत रोवून झाडं. दातांत घालायच्या दोऱ्याच्या टेलिफोनच्या तारा, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. आत्याने औषधाच्या डब्यांचा टेलिफोन बोर्ड केला, त्याला खरोखरची छत्तीस भोकं पाडली, कारण तिच्या बोर्डाला छत्तीस होती आणि पस्तीस पाडून ती कुणाला फसवणार नव्हती.

गायक पाच. लॅबमध्ये डिलिव्हरीला तयार होत्या त्या चार कवळ्या: हेडमास्तरांची, बेकरीवाल्या बाईंची, एका रिटायर नर्सची आणि एका बस ड्रायव्हरची. पाचवी बेवारस. नऊ वर्षांपूर्वी एक माणूस माप देऊन गेला तो परत आलाच नाही. बाबा दर सोमवारी तिचं पाणी बदलतात.

लोकांचे दात न विचारता वापरायचे हे बरोबर आहे का, असं मी एकदा विचारलं.

"जंतुनाशकातून काढून देईन," बाबा म्हणाले. नैतिक प्रश्न तिथेच मिटला.

मुख्य गायक म्हणून हेडमास्तरांची कवळी निवडली, कारण ती बाबांची त्या महिन्यातली सगळ्यात देखणी कामगिरी होती. हेडमास्तरांनी मुद्दाम सांगून पुढच्या दोन दातांत फट ठेवून घेतली होती. त्यांच्या मूळच्या दातांत तशी फट होती, आणि नाही ठेवली तर बायको घरात घेणार नाही असं ते म्हणाले होते. बेवारस कवळी कुठे ठेवायची यावर बाबांनी बराच विचार केला, तर आत्याने ती उचलली, मागच्या रांगेत नेली आणि प्लास्टरचा एक खांब करून तिच्या शेजारी उभा केला. 

पद्धत साधी होती. प्रत्येक कवळी वेगळ्या जबड्यावर चढवायची, तो थोडा उघडायचा, फोटो काढायचा, आणखी थोडा उघडायचा, फोटो काढायचा. असे फोटो एकामागून एक भरभर दाखवले की कवळी गाते. आम्ही सेकंदाला चार फोटो ठरवले. गाणं तीन मिनिटं वीस सेकंद, म्हणजे आठशे फोटो. कॅमेरा स्टुडिओने मोडीत काढलेला, मालकांनी मला वाढदिवसाला दिलेला. त्याची मागची काच गेली होती, त्यामुळे काढलेला फोटो बघता यायचा नाही. फोटो बघायला स्टुडिओतला कॉम्प्युटर हवा, आणि स्टुडिओत जायचं तर ताप उतरायला हवा. म्हणून आम्ही ठरवलं, सगळे काढून झाले की एकदमच बघू.

बाबांचं काम जबडा उघडायचं, माझं बटण दाबायचं. पहिले वीस-पंचवीस फोटो अडखळत गेले. मग एक ताल बसला. बाबांचं कट्, माझं क्लिक. कट्, क्लिक. कट्, क्लिक. शेजारचा चष्म्याचा दुकानदार डोकावून विचारून गेला की नवीन मशीन घेतलं का.

अडचणी आल्याच. पहिल्या दिवशी दिव्याच्या उष्णतेने मखमली पडदा वितळला आणि हळूहळू, अगदी मानाने, मुख्य गायकाच्या अंगावर आला. हेडमास्तरांची कवळी त्यातून सोडवायला बाबांना तास लागला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची कवळी डोंगरावरून घसरून प्लास्टरच्या ओल्या वाडग्यात पडली. बाबांनी तिला बाहेर काढलं, धुतलं, आणि परत ठेवताना रागावून म्हणाले, "समोर बघ." माझा बाप कवळीशी बोलतो हे मला माहीत होतं. तो कवळीवर रागावतो हे नव्यानेच कळलं. दुपारपर्यंत ते पुरते दिग्दर्शक झाले. नर्सबाईंना पुढे घेऊ नकोस, त्यांचा खालचा जबडा रुसका आहे. बेकरीला जरा डावीकडे वळव, तिची ती बाजू चांगली आहे.

आत्या स्टुलावर बसून ओळी वाजवायची. मोबाईलवर एक ओळ लावायची, थांबवायची, परत लावायची. स्वतःचा आवाज आला की दुसरीकडे बघायची.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, अजून दीडशे फोटो बाकी असताना, हेडमास्तर दात न्यायला आले.

बाबांनी त्यांना शुक्रवारचा शब्द दिला होता, तो दिग्दर्शनाच्या नादात विसरले. हेडमास्तर नुसते हेडमास्तर नव्हते. रविवारच्या कार्यक्रमाचं निवेदन तेच करणार होते, त्यामुळे दात त्यांना हवेच होते. मी पटकन मधला पडदा ओढला. पडद्यामागे मी आणि पाच कवळ्या. पडद्यापुढे बाबा, आत्या आणि हेडमास्तर. फटीतून मला सगळं दिसत होतं.

"पॉलिश चालू आहे," बाबा म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, थांबतो. आणि समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी पेपर उघडला तो थेट नाकाखाली धरला. समोर आत्या, रुमालात. दोन मोठी माणसं समोरासमोर बसलेली, एकाचं तोंड कागदाआड, दुसरीचं कापडाआड, आणि मध्ये एका टेबलावर प्लास्टरचे बारा जबडे दात विचकून दोघांकडे बघतायत. बाबा दर मिनिटाला पॉलिश करायला म्हणून आत यायचे, जबडा हलवायचे, कट्, मी क्लिक, आणि ते बाहेर जायचे. ओळ मात्र लावावीच लागायची. आत्याने मोबाईल माझ्याकडे सरकवला होता.

शेवटी हेडमास्तरांनी पेपराआडून विचारलं, "गातंय कोण?" दात नसल्याने त्यांची निम्मी अक्षरं वाऱ्यावर जात होती, मी जमवून सांगतेय.

"रेडिओ," बाबा म्हणाले.

"एकच ओळ चौदा वेळा?"

"जुना आहे रेडिओ."

हेडमास्तर थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले की बाई कोण आहेत ठाऊक नाही, पण फोनवर असा आवाज आला तर माणूस कशासाठी फोन केला ते विसरेल. आत्याचा रुमाल जागचा हलला नाही. रुमालाच्या वरचे कान तेवढे लाल झाले.

तेवढ्यात हेडमास्तरांचाच फोन वाजला. बायकोचा. त्यांनी उचलला आणि "हॅलो" म्हणाले, तेही इतकं स्वच्छ की बाबा दारात थबकले. पुढचं सगळं बोलणं परत चिखलात गेलं, पण तो हॅलो लख्ख होता.

"बघ," बाबा आत येऊन पडद्याबाहेरही ऐकू जाईल असं कुजबुजले, एखादा शोध लागावा तसे. "हॅलोला दात लागत नाहीत."

सहा वाजता आठशेवा फोटो झाला. बाबांनी फट असलेली कवळी जंतुनाशकातून काढली, पुसली, हेडमास्तरांच्या तोंडात बसवली. हेडमास्तरांनी दोनदा चावून बघितलं, आरशात फट बघितली, आणि इतकं मन लावून केलेलं पॉलिश आपण कधी पाहिलं नाही असं म्हणून गेले.

*

शनिवारी सकाळी माझा ताप उतरला. मालक शनिवारी एक वाजल्याशिवाय येत नाहीत, म्हणून मी बाबांना आणि आत्यालाही स्टुडिओत घेऊन गेले. साडेनऊला कार्ड कॉम्प्युटरला लावलं. आठशे फोटो रांगेत टाकले, खाली गाणं टाकलं आणि चालू केलं.

डोंगर दिसले. ढग सरकले. मेणाचा पडदा बाजूला झाला. पाच कवळ्या पुढे आल्या. आत्याचा आवाज लागला, "वॉर्ड सात मागा."

कवळ्यांची तोंडं बंद.

"वॉर्ड नऊ मागा." बंद. कवळ्या डावीकडे सरकत होत्या, उजवीकडे सरकत होत्या, वळत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. फक्त एकीनेही तोंड उघडलेलं नव्हतं. तीन मिनिटं वीस सेकंद. आठशेच्या आठशे फोटोंत दात दातांवर घट्ट. प्रेमाचं गाणं चाललंय आणि गायक दातओठ खातायत.

मी पहिल्यांदा बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे.

"मी उघडत होतो," बाबा म्हणाले.

"मग मिटलं कुणी?"

मिटलं त्यांनीच. बत्तीस वर्षं रोज शंभर वेळा जे केलं तेच त्यांनी केलं होतं. जबडा उघडायचा, आणि हात काढायच्या आधी एकदा मिटून चाव बघायचा. कट्. मग परत उघडायचा, असं त्यांचं म्हणणं, आणि तेही खरं असेल. पण तोवर माझं क्लिक झालेलं असायचं. अकरा वर्षं माझं बोट एकाच गोष्टीची वाट बघत आलंय. समोरचं तोंड कधी मिटतं. मिटलं की दाबलंच. दुनियेत दुसऱ्या कुठल्याही दोन माणसांनी हा व्हिडिओ केला असता तर निदान शंभर फोटोंत तरी चुकून तोंड उघडं राहिलं असतं. आमच्यात एकही नाही. इतकं बिनचूक काम आम्ही दोघांनी आयुष्यात केलं नव्हतं.

मग आमचं जे भांडण झालं ते इथे सांगत नाही. बाबा म्हणाले, कॅमेऱ्याच्या भोकातून समोरचं दिसत होतं तर डोळे कुठे होते. मी म्हटलं, तुमच्याच टेबलावर प्लास्टरच्या धुळीत. घड्याळात दहा वाजले होते. बारापर्यंत आठशे काय, ऐंशी फोटोही होणार नव्हते, आणि मुख्य गायक आता हेडमास्तरांच्या तोंडात होता.

 आत्या कॉम्प्युटरपुढे बसून परत पहिल्यापासून बघत होती. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी जवळ गेले तर रुमालामागून फसफस आवाज येत होता.

"हे आमचं कॉयर आहे," ती म्हणाली. "हुबेहूब. हा बघ खांब. ही बघ मी."

मागच्या रांगेत बेवारस कवळी खांबाजवळ, तोंड मिटून, मन लावून गुणगुणत होती.

"असंच राहू दे," आत्या म्हणाली. "बदलू नका."

बाबा म्हणाले की बाकी सगळं चालेल, पण शेवटचा हॅलो अकरा सेकंदांचा आहे. तिथे तोंड उघडायलाच हवं. मिटल्या तोंडाने हॅलो म्हणणारी कवळी लोक सहन करणार नाहीत.

आत्या उठली आणि स्टुलावर जाऊन बसली. माझ्या त्या स्टुलावर, पांढऱ्या पडद्यापुढे, जिथे रोज पन्नास माणसं पासपोर्टसाठी बसतात. दोन्ही दिवे तिच्या तोंडावर.

"हॅलोला दात लागत नाहीत म्हणे," ती म्हणाली. "लाव कॅमेरा."

स्टुडिओचा चांगला कॅमेरा मी व्हिडिओवर लावला.  आणि तोंडातून सवयीने तेच निघालं, "मान सरळ, हनुवटी जरा खाली, हसू नका, तोंड ब..."

आत्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. मी बटण दाबलं.

तिने रुमाल काढून मांडीवर ठेवला, त्याची चौकोनी घडी घातली. मी शेवटची ओळ वाजवली आणि तिने त्या ओळीबरोबर तोंड उघडून हॅलो म्हटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा आम्ही तिचं तोंड बघत होतो. बाबा कोपऱ्यात उभे होते. अकरा सेकंद संपले, आत्याने रुमाल उचलला.

"डावीकडे वर अजून जरा सूज आहे," बाबा म्हणाले आणि घाईघाईने बाहेर जाऊन उभे राहिले.

बाराला सहा मिनिटं असताना मी पेनड्राइव्ह सभागृहाच्या ऑफिसात दिला.

*

रविवारी सभागृह भरलं. बाकीचे व्हिडिओ लागले. कुणी बागेत झाडाला टेकून गात होतं, कुणी पुलावर, कुणी भाड्याच्या गाडीला टेकून. टेकायचं सगळ्यांना होतं. पहिल्या रांगेत कॉयरच्या मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. आत्याला आम्ही पुढे बसायला सांगितलं, पण ती शेवटच्या रांगेत गेली, खांबाजवळ. रुमाल लावून.

स्टेजच्या कडेला माईकपाशी हेडमास्तर, नवे दात, खणखणीत निवेदन. दहाव्या नंबरला त्यांनी आमचं गाणं सांगितलं.

पहिली ओळ झाली तसं कुणीतरी हसलं. मग दहा जण हसले. मग सगळं सभागृह. मिटल्या तोंडाच्या पाच कवळ्या गंभीरपणे दऱ्याखोऱ्यांतून हिंडत होत्या आणि वर आत्याचा आवाज भरून राहिला होता. मी मान खाली घालून बसले होते. मग लक्षात आलं की हसणं थांबतंय, कारण लोकांना ऐकायचं होतं. हसायचं आणि ऐकायचं एकदम जमेना. मॅडमनी वही मिटली होती.

शेवटच्या कडव्यात मुख्य गायकाचा क्लोजअप होता. पडदाभर दात. आणि मधोमध, माणूस आत जाईल एवढी मोठी फट.

हेडमास्तर पडद्याकडे बघत होते. त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात पुढच्या दातांवर गेलेली लांबून दिसली. माईक चालू होता.

"अहो," ते म्हणाले, "हे माझे आहेत."

आणि आपले दात नीट बघावेत म्हणून ते चार पावलं मागे सरकले. चौथं पाऊल स्पीकरच्या वायरीवर पडलं.

आवाज गेला. गाणं गेलं, माईक गेला. कमिटीने पडद्यावर इतका जीव टाकला होता की स्पीकर एकाच वायरीवर होते. चित्र मात्र चालूच होतं. क्लोजअप संपला, पांढरा उजेड आला, आणि पडद्यावर भिंतीएवढं आत्याचं तोंड आलं. उघडलं. एकही दात नाही, आणि आवाजही नाही. अख्ख्या सभागृहाला त्या तोंडाच्या आतपर्यंत दिसत होतं. मी वायरीकडे धावले. मध्ये तीस खुर्च्या.

मागून आवाज आला.

"हॅलो."

मी वळून बघितलं. आत्या खांबाजवळ उभी होती. रुमाल खाली पडला होता, तिच्याच पायाखाली. सुरुवातीला हवा सुटली, थोडी शिटीसारखी. मग आवाज सापडला आणि वर निघाला. कपाटातल्या आवाजाइतका गुळगुळीत नव्हता. जरा खरखरीत, जरा ओला, पण वर जायचं थांबेना. लोक वळले. एकदा पडद्यावरचं तोंड बघायचे, एकदा मागचं.

पडद्यावरचं तोंड अकरा सेकंदांनी मिटलं. आत्याचं मिटलं नाही.

शेवटी कधीतरी ती थांबली.  मग मधल्या रांगेतून कुणीतरी, कोण ते आजवर कळलं नाही, मोठ्याने विचारलं, "हॅलो, कोण बोलतंय?"

पस्तीस वर्षांची सवय. आत्याने क्षणाचाही विचार केला नाही.

"थांबा," ती म्हणाली, "जोडते."

त्यानंतर कमिटीला पुढचे दोन व्हिडिओ लावताच आले नाहीत. लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते, खुर्च्या बडवत होते. बाहेर पडताना मॅडम आत्याजवळ आल्या. हा आवाज इतकी वर्षं कुठे होता, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या मागे," आत्या म्हणाली. "खांबाजवळ." आणि हसली. रुमाल आम्ही नंतर खुर्च्यांखाली शोधला, पण सापडला नाही. तिने दुसरा मागितला नाही.

हेडमास्तरांनी सोमवारी कमिटीला लेखी पत्र दिलं. तक्रार दात वापरल्याची नव्हती. व्हिडिओच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या पाटीवर त्यांच्या दातांचं नाव नव्हतं, याची होती.

बाबांनी पाचवी कवळी करायला घेतली आहे. कालच आत्या तिथे बसली होती आणि ते जबडा उघडून मिटून बघत होते. कट्. कट्.

"बाळ्या, जरा उघडा ठेव की तो."

"मिटून बघितल्याशिवाय कसं कळणार, ताई?"

"एकतीस वर्षं बघितलंय मिटून. काही कळत नाही."

बाबांनी मान डोलावली आणि जबडा उघडाच टेबलावर ठेवला. मग आत्या चहा टाकायला आत गेली, तसं त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि हळूच, अगदी एका बोटाने, तो मिटला.

कट्.